रोग घाटाखालचा, लक्षण घाटावरचे: रत्नागिरीच्या मोटार-वीजकामाचा इतिहास

रत्नागिरी शहरात जानेवारीच्या पहाटेही तापमान साधारणतः १८ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, आणि मोटारीची बॅटरी गारठून निकामी व्हावी अशी थंडी त्या किनाऱ्यावर पडत नाही. तरीही बॅटरी, डायनामो, सेल्फ आणि वायरिंग यांच्या दुरुस्तीचा जो व्यवसाय विसाव्या शतकात तेथे रुजला, त्याचा इतिहास थंडीला वगळून सांगता येत नाही, कारण ती थंडी गावाच्या हवेत नव्हती तरी गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर होती. रत्नागिरीहून हातखंबा, पाली, साखरपा करीत निघालेली गाडी साधारण सत्तर किलोमीटरांत आंबा घाट चढून समुद्रसपाटीवरून सुमारे दोन हजार फुटांवर पोहोचते, आणि चिपळूणहून निघालेली गाडी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडच्या बाजूला जाते. घाटावर मलकापूरला, कोल्हापूरला किंवा कऱ्हाडला रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला हिवाळ्यात दहा-बारा अंशांची पहाट भेटते, आणि किनाऱ्यावर महिनोन्‌महिने विनातक्रार चाललेली तीच गाडी तेथे सेल्फ मारल्यावर नुसता ‘कट्’ असा आवाज करून गप्प बसते.

हे येणेजाणे रत्नागिरीला टाळता येण्याजोगे नव्हते. मुंबईशी असलेला तिचा जुना संबंध समुद्रमार्गे होता; आगबोटी माणसे, माल आणि पुढे मोटारींचे सुटे भागही आणत, परंतु पावसाळ्यात ही किनारी वाहतूक बंद पडे. रेल्वे १८९१ मध्ये कोल्हापूरला पोहोचली होती, पण रत्नागिरीला ती पोहोचायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. मधल्या काळात रुळांवरून येणारा माल कोल्हापूरला उतरायचा आणि आंबा घाटाने खाली यायचा. चिपळूण-खेडच्या भागाला हेच काम कुंभार्ली घाट करी. त्यामुळे रत्नागिरीची मोटार ही आरंभापासून दोन हवामानांत वावरणारी मोटार होती, आणि तिच्या विजेची तपासणी करणाऱ्या कारागिराला दोन्ही हवामानांचा हिशेब ठेवावा लागला. मोटारींच्या इतिहासात इंजिनाविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु या हिशेबाकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. तो हिशेबच या व्यवसायाची खरी विद्या आहे, म्हणून त्याचा विस्ताराने विचार करणे उचित ठरते.

मोटारीतील चार्जिंगची व्यवस्था समजून घेण्यास कोकणातल्या घरातील कणगीची उपमा पुरेशी आहे. बॅटरी ही कणगी होय. तीत वीज साठते, तयार होत नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा डायनामो किंवा पुढच्या काळातील अल्टरनेटर ही शेती होय. गाडी चालू असेपर्यंतच तेथे वीज पिकते. इंजिन फिरवणारा विजेचा मोटर, ज्याला सर्वत्र ‘सेल्फ’ म्हणतात, तो सकाळी एकदाच पण ओंजळी भरभरून मागणारा पाहुणा असतो. साध्या मोटारीत तो शंभर-दोनशे अँपिअर इतका प्रवाह काही क्षण खेचतो, तर डिझेलच्या मालमोटारीत त्याहून कितीतरी अधिक. दिवे, वायपर, भोंगा आणि पेट्रोल गाडीतील ठिणगी यांचा खर्च दिवसभर चालतो. बॅटरी उतरली म्हणजे कणगी रिकामी झाली एवढे कळते, पण पीक आले नाही, खर्च वाढला, कणगीलाच भोक पडले की दाण्याला कीड लागली, यांपैकी नेमके काय झाले हे ओळखणे म्हणजेच चार्जिंगच्या दोषाचे निदान.

मोटारींच्या अगदी सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत, ठिणगी मॅग्नेटो नावाच्या, बॅटरीवाचून चालणाऱ्या यंत्रातून मिळे, आणि इंजिन पुढून हँडल घालून हाताने फिरवले जाई. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसवला गेला आणि तेव्हापासून बॅटरी ही मोटारीची गरज बनली. शिसे आणि आम्ल यांची ही बॅटरी मात्र त्याआधीच, १८५९ मध्ये, फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी शोधून काढली होती. सेल्फ आला तरी हँडल गेले नाही. भारतातील मोटारींच्या पुढच्या भागात हँडल घालण्याचे भोक पुढील अनेक दशके राहिले, आणि सीटखाली ठेवलेले ते वाकडे लोखंड हेच चालकाचे थंडीवरचे पहिले औषध होते. दुसरे औषध उताराचे होते. रात्री गाडी उभी करताना तोंड उताराकडे ठेवायचे, सकाळी गिअर टाकून क्लच दाबायचा, गाडी सोडायची आणि वेग आला की क्लच सोडून इंजिन पकडवायचे, ही रीत डोंगराळ कोकणात इतकी अंगवळणी पडली की अनेकदा बॅटरीचा आजार तिच्याखाली महिनोन्‌महिने झाकला जाई. कारागिराच्या दृष्टीने ही सवय सोयीची नव्हती, कारण लक्षणच दिसू न देणारी सोय निदानाला उशीर करते.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारी यंत्रणेकडे आली. खासगी सर्व्हिस मोटारींच्या काळात प्रत्येक मालकाचा मिस्त्री निराळा आणि त्याची रीतही निराळी असे; एस.टी.मुळे आगार, विभागीय कार्यशाळा आणि ठरावीक अंतराने करावयाची तपासणी ही शिस्त आली, आणि बॅटरीचे पाणी पाहणे, टर्मिनल साफ करणे, पट्ट्याचा ताण तपासणे ही कामे कोणाच्या मर्जीवर न राहता वेळापत्रकात बसली. पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा यांनी कागदावरचे शिक्षणही त्यास जोडले. याच सुमारास कोयना प्रकल्प उभा राहिला. त्याचे धरण घाटावर आणि भूमिगत वीजगृह घाटाखाली, चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे. अवजड वाहनांना वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी काम असलेला एवढा मोठा प्रकल्प या भागात पूर्वी झाला नव्हता. घाट चढणाऱ्या गाड्यांची संख्या वाढली तसे त्यांच्या विजेचे दोष ओळखणाऱ्यांचे महत्त्वही वाढले.

या काळाचे मुख्य यंत्र डायनामो होते, आणि त्याचा स्वभाव समजल्याखेरीज त्या पिढीच्या कामाची किंमत कळत नाही. डायनामोत तांब्याच्या तारांनी गुंडाळलेले आर्मेचर चुंबकीय क्षेत्रात फिरते, आणि त्यावरच्या कम्युटेटर नावाच्या तांब्याच्या खंडित कड्यावर टेकलेले कार्बनचे दोन ब्रश तयार झालेली वीज बाहेर आणतात. कारागिरांच्या बोलीत या ब्रशांना नुसते ‘कार्बन’ म्हणतात. मोटारीच्या डायनामोतून जास्तीत जास्त वीस-पंचवीस अँपिअर मिळत, आणि तेही इंजिन बऱ्यापैकी वेगात असताना. इंजिन रिकामे फिरत असले की डायनामो जवळपास काहीच देत नसे. दोन मोठे दिवे, मागचे-पुढचे लहान दिवे, वायपर आणि ठिणगी यांचा एकत्रित खर्च पंधरा अँपिअरच्या आसपास जात असल्याने पावसाळ्यातील रात्रीच्या प्रवासात डायनामोच्या हाती शिल्लक फारच थोडी उरे. हापूसच्या हंगामात आंब्याच्या पेट्या भरून रात्री निघणाऱ्या मालमोटारी आणि बर्फात ठेवलेली मासळी घेऊन पहाटेपूर्वी बाजार गाठू पाहणाऱ्या गाड्या यांचा बहुतेक प्रवास दिवे लावूनच होई. मध्ये नाक्यावर इंजिन मंद आणि दिवे चालू ठेवून थांबावे लागले की तेवढा वेळ बॅटरी केवळ खर्चच करत असे.

डायनामो आणि बॅटरी यांच्यामध्ये कटआउट नावाचे एक लहानसे स्वयंचलित कळयंत्र असे. डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा वाढला की ते जोडणी करी आणि दाब कमी होताच ती तोडी, कारण तसे न केल्यास बॅटरीतील वीज उलटी डायनामोत वाहून जाते. समुद्राच्या दमट, खाऱ्या हवेत या कटआउटचे स्पर्शबिंदू काळे पडत किंवा ठिणगीने एकमेकांना चिकटून बसत. ते चिकटले म्हणजे गाडी उभी असतानाही बॅटरी रात्रभर डायनामोत रिती होत राही, आणि सकाळी बॅटरीच खराब आहे असे वाटे. जाणता कारागीर अशा वेळी बॅटरीवर संशय घेण्यापूर्वी इंजिन बंद असताना अँमीटरचा काटा उणे बाजूला झुकला आहे काय ते पाही, मग डायनामोच्या अंगाला हात लावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा डायनामो कोमट लागला तर दोष कोठे आहे हे सांगायला दुसरे यंत्र लागत नसे.

आता थंडीचा प्रश्न. युरोप-अमेरिकेतून येणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिकांत हिवाळ्यावर स्वतंत्र प्रकरण असे, आणि तेथे थंडी हीच मुख्य आरोपी असणे स्वाभाविक होते. उणे १८ अंशांवर चांगल्या बॅटरीचीही शक्ती निम्म्याच्या आसपास येते, त्याच वेळी इंजिनातील तेल घट्ट होऊन सेल्फला अधिक जोर लावावा लागतो, आणि पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील पातळ आम्ल तर उणे सात-आठ अंशांच्या सुमारास गोठून पेटी फोडूही शकते. सह्याद्रीच्या माथ्यावर हे काही घडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठते तेव्हा त्याची बातमी होते, इतकी ती गोष्ट विरळ आहे. दहा-बारा अंशांची पहाट निरोगी बॅटरीच्या शक्तीतून दहा-पंधरा टक्के कमी करते, आणि निरोगी बॅटरीला एवढी तूट जाणवतही नाही. म्हणजेच घाटावरच्या थंडीने जी बॅटरी हार मानते ती थंडीने मेलेली नसते. तिची अर्धीअधिक शक्ती आधीच गेलेली असते आणि किनाऱ्याच्या उबेत, हलक्या फिरणाऱ्या इंजिनामुळे ती उणीव झाकून राहिलेली असते. घाटावरची थंडी फक्त साक्ष देते. रत्नागिरीच्या वीजकामाचा सारा अनुभव या एका भेदावर उभा आहे.

बॅटरीला खरा मार बसतो तो घाटाखाली. शिसे-आम्ल बॅटरीतील झीज उष्णतेने वाढते. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की प्लेटांच्या जाळीचा गंज जवळपास दुप्पट वेगाने वाढतो असा या क्षेत्रातील सर्वमान्य ठोकताळा आहे. कोकणातील एप्रिल-मे महिन्यांची उष्णता, त्यात इंजिनाच्या झाकणाखालचा ताप आणि भरीला चार्जिंग किंचित जास्त असले तर बॅटरी ‘उकळते’, म्हणजे पाण्याचे विघटन होऊन ते वायुरूपाने निघून जाते, प्लेटांचे माथे उघडे पडतात आणि त्यांवर पांढरट, टणक सल्फेट बसते. कमी झालेले पाणी डिस्टिल्ड पाण्यानेच भरावे लागते, कारण किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरींतील क्षार प्लेटांना खातात. बाहेरच्या बाजूने खारी हवा शिशाच्या टर्मिनलांवर आणि तांब्याच्या तारांवर काम करते. टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशीसारखी भर चढते, तारेच्या आवरणाखाली हिरवा गंज आत सरकत जातो, आणि गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची पट्टी बाहेरून धड दिसत असतानाच आतून कुजते. दिव्याचे चार-पाच अँपिअर अशा तारेतून विनासायास जातात, पण सेल्फचे दीडशे अँपिअर जाऊ शकत नाहीत. दिवे लख्ख लागतात म्हणून बॅटरी चांगली आहे असे समजणाऱ्याची येथेच फसगत होते.

विलायती बॅटऱ्यांतील आम्ल थंड प्रदेशाला जुळेल असे तीव्र, म्हणजे १.२८० च्या आसपास विशिष्ट गुरुत्वाचे असे. विशिष्ट गुरुत्व म्हणजे पाण्याच्या तुलनेत त्या द्रवाचा जडपणा. उष्ण हवामानात एवढे तीव्र आम्ल प्लेटा आणि त्यांच्यामधले, त्या काळी अनेकदा लाकडाचे असणारे, पडदे लवकर खराब करते. म्हणून भारतात १.२४० च्या आसपासचे सौम्य आम्ल भरण्याची पद्धत पडली आणि मोजमापाचे प्रमाण तापमानही २७ अंश धरले गेले. हे मोजण्याचे साधन म्हणजे हायड्रोमीटर: रबरी फुग्याने ओढलेल्या आम्लात तरंगणारी काचेची कांडी. ती जितकी वर तरंगेल तितके आम्ल जड आणि बॅटरी भरलेली. परंतु थंडीत द्रव आकसून जड होतो, म्हणून घाटावरच्या पहाटे हायड्रोमीटर बॅटरीची स्थिती असते त्याहून चांगली दाखवतो. २७ अंशांपासून दर अंशाच्या फरकाला ०.०००७ इतकी दुरुस्ती करावी लागते. दहा अंशांवर १.२४० दिसले तर खरा आकडा १.२२८ असतो. याउलट मे महिन्यात रत्नागिरीला उन्हात तापलेल्या बॅटरीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि चांगली बॅटरी विनाकारण चार्जिंगला लावली जाते. सहा कप्प्यांपैकी पाचांत आकडा सारखा आणि एकात मात्र पन्नास सहस्रांशांनी, म्हणजे ०.०५० ने, कमी आढळला की तो कप्पा गेला असे समजायचे, मग बाहेर थंडी असो वा उकाडा.

त्या काळच्या बॅटरीची घडणही निदानाला अनुकूल होती. काळ्या कठीण रबराच्या पेटीवर डांबराचा थर असे आणि कप्प्यांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या माथ्यावर उघड्या दिसत. दोन टोकदार पाय आणि मध्ये जाड रोधक तार असलेला ‘सेल टेस्टर’ एकेका कप्प्यावर टेकवला की भाराखाली त्या कप्प्याचा दोन व्होल्टांचा दाब किती टिकतो ते काट्यावर दिसे. खराब कप्पा उघडून नवीन प्लेटा बसवणे, फुटलेली पट्टी पुन्हा ओतणे ही कामे गावातच होत. मात्र या कामात शिशाची वाफ आणि आम्लाची धार यांच्याशी हातमोजे आणि पुरेशी खेळती हवा यांवाचून माणसांनी आयुष्य काढले, याचा विसर पडता कामा नये. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची आणि त्यांतील शिसे परत मिळवण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादक-विक्रेत्यांवर आली ती २००१ च्या नियमांनी, म्हणजे फार उशिरा. आता त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आहे.

किनारा आणि घाट यांच्यातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे रेग्युलेटर. डायनामोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या या पेटीत गुंडाळ्या, स्प्रिंगा आणि कंप पावणारे स्पर्शबिंदू असत, आणि चांगल्या रेग्युलेटरात दोन धातूंची जोडपट्टी असे, जी थंडीत दाब थोडा वाढवी आणि उकाड्यात थोडा उतरवी. यामागचे कारण रासायनिक आहे: गार बॅटरी वीज घेण्यास नाखूश असते, तिला भरायला जास्त दाब लागतो, तापलेल्या बॅटरीला तोच दाब दिला तर ती उकळते. बारा व्होल्टांच्या बॅटरीसाठी हा फरक दर अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट इतका आहे. उन्हाळ्यात बॅटरी सारखी पाणी पिते अशी तक्रार आल्यावर स्प्रिंग सैल करून दाब उतरवणे हा सोपा उपाय होता, आणि किनाऱ्यापुरता तो योग्यही ठरे. पण तीच गाडी डिसेंबर-जानेवारीत घाटावरच्या फेऱ्यांना लागली की मे महिन्यात उतरवलेला दाब तिला अपुरा पडे, रोज थोडी थोडी तूट राही, आणि पंधरवड्याने एके पहाटे सेल्फ फिरेनासा होई. डायनामो निरोगी, बॅटरी नवी, तारा साफ, आणि तरीही गाडी बंद: अशा प्रसंगी दोष हवेतल्या बदलात नव्हता, ऋतूप्रमाणे परत न बदललेल्या स्प्रिंगमध्ये होता. यावर उपाय म्हणून गाडी कोठे चालते, रात्री की दिवसा, मुक्काम कोठे, शेवटचे काम कोणत्या महिन्यात झाले, हे प्रश्न यंत्राला हात लावण्यापूर्वी विचारणे भाग होते, जसे वैद्य नाडी पाहण्यापूर्वी आहार-विहार विचारतो.

या विचारपूशीची गरज आणखी एका कारणाने होती. घाटावर बंद पडलेली गाडी धक्का मारून सुरू केली आणि दिवसभर चालून रत्नागिरीला परत आली की तोवर बॅटरीत थोडी वीज भरलेली असे, हवा उबदार असे, आणि दारात उभ्या गाडीचा सेल्फ पहिल्या झटक्यात फिरे. दोष सांगणारा चालक खोटा ठरावा अशी ही परिस्थिती होती. समजूतदार कारागीर ती गाडी रात्रभर ठेवून घेई, सकाळी सर्वांत आधी दिवे दोन मिनिटे लावून मगच सेल्फ मारून पाही आणि त्या वेळी दिवे किती मंद होतात ते बघे. दिवे पार विझले तर बॅटरी किंवा तिच्या जोडणीत दोष. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ गप्प राहिला तर दोष सेल्फच्या बाजूला. दिवे थोडे मंदावले आणि सेल्फ जडपणे फिरला तर इंजिनातील तेलाकडेही पाहायचे. किनाऱ्यावरील उष्णतेसाठी भरलेले एकाच श्रेणीचे जाड तेल घाटावरच्या पहाटे काकवीसारखे होते. थंडीत पातळ आणि गरमीत पुरेसे जाड राहणारी, ‘२०-डब्ल्यू-४०’ सारख्या दुहेरी अंकांची तेले रूढ झाल्यावर ही एक अडचण पुष्कळशी कमी झाली.

डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली तेव्हा या विद्येतील एक मोठा भाग एकाएकी जुना झाला. अल्टरनेटरमध्ये उलटसुलट वाहणारी वीज तयार होते आणि सिलिकॉनचे डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा, ती सरळ करतात. इंजिन मंद फिरत असतानाही तो बॅटरी भरू शकतो आणि डायोड असल्याने कटआउटची गरज राहत नाही. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये आपल्या व्हॅलियंट गाडीत तो सरसकट दिला. भारतात चेन्नईजवळ पाडी येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएससारख्या कंपन्यांमुळे मोटारींची विद्युत यंत्रे देशात बनू लागली आणि पुढील दोन दशकांत अल्टरनेटर क्रमाक्रमाने रूढ झाला. डायनामोच्या काळात इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची आणि इंजिन चालू राहिले तर चार्जिंग चांगले, अशी एक परीक्षा सर्वत्र चाले. अल्टरनेटरवर हीच परीक्षा केली असता आधार गमावलेला दाब क्षणात उसळतो आणि डायोड जळतात. तसेच अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे आणि उलट जोडणी झाली तरी डायनामोला पुन्हा ध्रुवता देऊन गाडी वाचवता येई. अल्टरनेटरला उलट्या जोडणीची एक चूकही पुरते. अनुभवी हातांना आपली सर्वांत खात्रीची परीक्षा सोडून द्यावी लागली, हा बदल यंत्राच्या बदलापेक्षा अवघड होता, आणि तो पार पाडणाऱ्या पिढीचे श्रेय मोठे आहे.

त्या जुन्या परीक्षेच्या जागी व्होल्टमीटर, आणि नंतर आकडे दाखवणारा मल्टिमीटर आला. रात्रभर विसावलेल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट, सेल्फ फिरताना सौम्य हवेत ९.६ च्या खाली न जाणारा दाब, आणि इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट, हे तीन आकडे नव्या कारागिराचे मुळाक्षर झाले. घाटावरच्या थंडीचा संबंध येथेही सुटला नाही. पहाटे सुरू केलेल्या गाडीवर पहिल्या काही मिनिटांत १४.६ किंवा त्याहून किंचित अधिक दाब दिसतो तेव्हा तो रेग्युलेटरचा दोष नसून थंडीसाठी केलेली भरपाई असते, आणि किनाऱ्यावरचे आकडे पाठ केलेल्याकडून ती दोष समजून रेग्युलेटर बदलण्याची चूक होऊ शकते. दमट, गार सकाळी सुरू होताच चिरकणारा पट्टा हीसुद्धा खूण आहे. रात्रीच्या तुटीमुळे अल्टरनेटरवर एकदम भार येतो, गारव्याने कडक झालेला पट्टा पुलीवर घसरतो, आणि इंजिन तापल्यावर आवाज थांबला तरी घसरण पूर्ण थांबलेली नसते. खाऱ्या हवेतील जोडण्यांसाठी मात्र सर्वांत उपयोगी ठरली ती दाबाच्या घटीची परीक्षा: इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मीटर धरायचा, ०.२ व्होल्टपेक्षा अधिक दिसले तर अर्थिंगच्या वाटेत गंज आहे. तार न सोलता आतला हिरवा गंज दाखवणारे दुसरे सोपे साधन नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मोटार हळूहळू मध्यमवर्गीय घरांत पोहोचली, तशी हँडलची भोके नाहीशी झाली. प्लास्टिकच्या हलक्या, बंद माथ्याच्या बॅटऱ्या आल्या. कप्प्यांच्या पट्ट्या झाकणाखाली गेल्यामुळे सेल टेस्टर निरुपयोगी ठरला, आणि देखभालमुक्त बॅटऱ्यांनी तर हायड्रोमीटरलाही दार बंद केले. कोकण रेल्वे सुरू झाल्यावर रत्नागिरीचे अवजड सामान घाटावरून येण्याची सक्ती संपली, परंतु कोल्हापूरच्या बाजारपेठेशी, पुण्याच्या नोकरी-शिक्षणाशी आणि अंबाबाईच्या दर्शनाशी जोडलेली खासगी मोटारींची वर्दळ वाढतच गेली. त्यांच्यासोबत एक नवा प्रकार आला. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्याने गावच्या घरी ठेवलेली गाडी गणपतीत चालते आणि मग आठवडेच्या आठवडे उभी राहते. घड्याळ, गजर आणि संगणकीय नियंत्रक तिच्या बॅटरीतून थोडी थोडी वीज घेत राहतात. झोपलेल्या गाडीचा हा खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत असावा अशी अपेक्षा असते. तेवढ्याही खर्चाने महिन्याभरात ३५ ते ४० अँपिअर-तास निघून जातात, म्हणजे लहान मोटारीची बॅटरी जवळजवळ पूर्ण रिती होते. पुढच्या सुटीत जंप-केबलने सुरू केलेली ही गाडी सरळ घाट चढते आणि वर मुक्कामाच्या पहिल्याच सकाळी बंद पडते.

अलीकडच्या मोटारींत अल्टरनेटरचा दाब इंजिनाचा संगणक ठरवतो. इंधन वाचवण्यासाठी तो दाब मुद्दाम १३ व्होल्टच्या खाली ठेवतो, गाडी उतारावर लागली की वाढवतो, आणि बॅटरीच्या ऋण टोकावरचा लहानसा संवेदक तिचे तापमान आणि प्रवाह त्याला कळवत राहतो. आंबा घाट चढताना १२.८ व्होल्ट आणि उतरताना १४.८ व्होल्ट दाखवणारी अशी गाडी पूर्ण निरोगी असू शकते, आणि मुळाक्षरासारखे पाठ केलेले तीन आकडे येथे अपुरे पडतात; स्कॅनर जोडून संगणकाने किती दाब मागितला आणि अल्टरनेटरने किती दिला, ही जोडी ताडून पाहावी लागते. तो संवेदक ज्या टोकावर बसतो ते टोक मात्र आजही खाऱ्या हवेत उघडे असते. त्यावर चढलेली पांढरी भर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन, टोक कोरडे करून, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवणे हे काम पावसाळा संपल्यावर, घाटावरच्या फेऱ्या सुरू होण्यापूर्वी, दसऱ्याला गाडी धुऊन तिला हार घालतानाच उरकून घ्यावे लागते.